घुबडांचा फेरफार

भाऊसाहेबांना नावानं हाक मारणं हे आमच्या कचेरीत एक वेगळंच काम होतं. पहिली हाक त्यांना ऐकूच जायची नाही. दुसरीला ते मान वर करून खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे बाहेर कुणाला तरी बोलावताहेत बहुतेक. तिसरीला टेबलावर पट्टी आपटली की मग, "अं? मला?" अहो, तुम्हालाच! या नावाचा इथं दुसरा आहे कोण? नुसतं "भाऊसाहेब" म्हटलं तर लगेच वळायचे, म्हणून आम्ही सगळे भाऊसाहेबच म्हणायचो. मोठ्या साहेबांना मात्र हे पटेना. त्यांनी भाऊसाहेबांना कर्जतला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी लिहून दिलं, दोन्ही कान उत्तम. तो कागद भाऊसाहेबांनी आवक शिक्का मारून स्वतःच्याच फाइलला लावला.

मी त्यांचं नाव इथं सांगत नाहीये, ते लपवायचं म्हणून नव्हे. त्यांचं नाव नक्की कोणतं, हे मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही.

खालापूरला जमिनीच्या रेकॉर्ड रूममध्ये माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा ते निवृत्तीला तीन वर्षांवर आले होते. मी नेरळहून यायचे, ते कर्जतचे. कर्जतपासून पुढं आमची एसटी एकच. एसटीत ते बोलायचे नाहीत, कचेरीत बोलायचे. बोलणं म्हणजे काय, दोन-तीन ठरलेली वाक्यं. कुणी रडत आलं, कुणी भांडत आलं, तरी यांचं पहिलं वाक्य, "कागद काय म्हणतो?" आणि तो माणूस निघून गेला की मला, "ताई, माणूस खोटं बोलतो असं नाही. तो रकान्याच्या बाहेर बोलतो." सही करताना पेन कागदावर टेकवून क्षणभर थांबायचे. रोजच्या पन्नास सह्या, पन्नास वेळा थांबायचे. मला वाटायचं, काय हा सावधपणा! मी तेवढ्यात चहा पिऊन यायचे.

फेरफार म्हणजे काय, हे ज्यांना आजवर जमिनीचा त्रास झाला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, विकली, वाटली, वारसाला आली, की त्याची नोंद घालायची. ती वही म्हणजे गाव नमुना सहा. नोंद घातली की पंधरा दिवसांची नोटीस. कुणाची हरकत आली नाही तर नोंद पक्की. आली तर दोघांना बोलवा, ऐका, निकाल द्या. भाऊसाहेबांचं सगळं आयुष्य या नमुना सहामध्ये गेलं होतं. त्यामुळे पुढं जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालंच नसतं.

झालं असं की एका थंडीत त्यांनी कर्जतच्या बाजारातून एक जाड बनियनसारखं काहीतरी आणलं. तिथं एक जण परदेशी जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसतो, त्यातलं. जांभळा रंग, पुढं एक रागावलेलं घुबड, मागं मोठा सहा आकडा. सदऱ्यावर ते चढवून स्वारी कचेरीत आली. आमचे शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणतात, ते दारातच थबकले.

"भाऊसाहेब, सकाळी सकाळी घुबाड कशाला घातलंत ओ?"

भाऊसाहेबांनी पाठ वळवून दाखवली. "सहा नंबर आहे, मामा. आपला नमुना."

मग मला म्हणाले, "ताई, हे घुबड कुणाच्या मालकीचं आहे ते जरा मोबाइलवर बघा."

मी बघितलं. तिथंच चुकले. पुढची दोन वर्षं मी ते घुबडच बघत होते.

ते निघालं अमेरिकेतल्या एका तळ्याकाठच्या शहरातल्या टीमचं. टीमचं नावच घुबडं. खेळ लॅक्रोस, तोही मैदानातला नव्हे, छपराखालचा, आणि खेळणारे पैसे घेऊन खेळणारे. आता लॅक्रोस म्हणजे काय हे मला तरी कुठं माहीत होतं! मी फोटो मोठा करून दाखवला. सगळ्यांच्या हातात काठ्या, काठीच्या टोकाला जाळी.

"हा तर झेला हाय!" मामा ओरडले. "आंबं काडतात व्हय तिकडं?"

झेला म्हणजे आंबा खाली न पाडता अलगद उतरवायची जाळीची काठी. आणि खरंच, हुबेहूब झेला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि निर्णय दिला, "आंबे नाहीत. चेंडू काढतात. एकमेकांच्या झेल्यातून." त्या दिवसापासून कचेरीत त्या खेळाचं नाव झेल्याचा खेळ.

बाकी माहितीनं मात्र आमचं डोकं आणखीच फिरलं. हा खेळ म्हणे बर्फाच्या मैदानावर होतो, पण बर्फावर हिरवी सतरंजी अंथरून. मामा म्हणाले, बर्फ नको तर कशाला केला मग? खेळाडू आठवडाभर कुठं शाळेत शिकवतात, कुठं आग विझवायच्या बंबावर असतात, आणि शनिवारी विमानानं येऊन खेळतात. हे मात्र भाऊसाहेबांना फार आवडलं. "म्हणजे नोकरी सांभाळून करतात. चांगली माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या कापडी बांधणीची एक कोरी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसले. अनुक्रमांक, फेरफाराचे स्वरूप, हरकत, शेरा. मी मोबाइलवरचं इंग्रजी वाचून सांगायचं, त्यांनी त्या टीमचा इतिहास नमुना सहामध्ये लिहायचा. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. कुठलं काय! माझा डबा गार व्हायचा, यांची वही भरायची.

एक नोंद मला अजून पाठ आहे. "सबब खेळाडू क्रमांक सहा हा शेजारील गावच्या टीमच्या ताब्यात देण्यात आला. मोबदला, सदर टीम पुढील वर्षी जो नवीन मुलगा पसंत करील तो." त्या खेळात अशी पद्धत आहे. आजचा माणूस द्यायचा आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या कुणाचा तरी हक्क घ्यायचा. हे लिहिताना भाऊसाहेबांचं पेन थांबलं.

"जो अजून आलाच नाही, त्याच्या बदल्यात असलेला दिला?"

"हो."

"त्याला विचारलं का?"

"कुणाला?"

"दिला त्याला."

मी वैतागले होते. भूक लागली होती. "मला काय माहीत, भाऊसाहेब! इथं तसं काही लिहिलेलं नाही."

"लिहीत नाहीतच," ते म्हणाले आणि पुढचा रकाना आखायला लागले.

याच काळात एक माणूस कचेरीत यायचा. धोतर नाही, पण डोक्याला टोपी, पायात चिखलाच्या चपला, शेतकरी दिसत होताच. महिन्या दोन महिन्यांनी यायचा, "भाऊसायेब हायत का?" विचारायचा आणि त्यांच्या समोरच्या बाकावर बसायचा. भाऊसाहेब मामांना चहा सांगायचे. दोघं चहा प्यायचे. एक अक्षर बोलायचे नाहीत. मग तो उठून "येतो" म्हणायचा आणि जायचा. कागद नाही, अर्ज नाही, काही नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की या गरिबाची नोंद हे अडवून बसलेत. चेहरा मात्र त्याचा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटायचा. कुठं, ते आठवेना.

दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या वहीत भूकंप झाला. इतिहास सरळ चालला होता. घुबडांनी तीन चषक जिंकले होते, भाऊसाहेबांनी तिन्ही चषकांना लाल शाईनं चौकट केली होती. आणि पुढच्या पानावर काय? मालकानं टीम उचलली आणि लांब समुद्रकाठच्या शहराला नेली. तेच खेळाडू, तोच शिकवणारा, तेच सगळे. पण नाव बदललं, रंग बदलला. घुबडांची झाली वादळं. बरं, इथं संपलं असतं तरी ठीक. त्याच वर्षी तळ्याकाठच्या शहरानं नवीन माणसं गोळा करून नवी टीम उभी केली, आणि तिला नाव दिलं घुबडं! तेच नाव, तोच जांभळा रंग, तेच रागावलेलं तोंड.

मी तीनदा वाचलं. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं.

"मग घुबडं कोणती?" मामांनी विचारलं. "गेली ती का ऱ्हायली ती?"

"राहिली कुठं मामा, राहिलेली नवीन आहेत."

"नवी हायत तर नाव जुनं कसं?"

"अहो, जुनी होती ती गेली ना!"

"मंग गेली ती घुबडं."

"नाही, ती आता वादळं आहेत." असं बोलत बोलत मी स्वतःच कुठं पोचले ते मला कळेना. भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते लाल चौकटीवर बोट ठेवून बसले होते.

"चषक कुणाचे?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तीन चषक. ज्यांनी जिंकले ते दुसरीकडे, दुसऱ्या नावानं. ज्यांचं नाव आहे त्यांनी जिंकलेच नाहीत. नोंद कुणाच्या नावे घालू?"

मी म्हटलं, सोडा ना भाऊसाहेब, आपल्याला काय करायचंय. तर त्यांनी वही मिटली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पण तीन आठवडे वही निघाली नाही, आणि मी रोज गरम डबा खाल्ला, आणि मला तो गोड लागला नाही. खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस आले ते हातानं लिहिलेला अर्ज घेऊनच. त्या स्पर्धेच्या कार्यालयाला, थेट अमेरिकेला. विषय, हरकत. "गाव सोडून गेल्याने पूर्वीचे हक्क नष्ट होतात काय, याचा खुलासा व्हावा." मी इंग्रजी केलं आणि माझ्या ईमेलवरून पाठवलं. लाज वाटत होती, पण पाठवलं. नवल म्हणजे उत्तर आलं. कुणा बिचारीनं फार आपुलकीनं लिहिलं होतं. तुम्ही इतक्या लांबून आमचा खेळ बघता याचा आनंद वाटतो वगैरे. आणि खाली एक ओळ, की नाव, रंग, चषक आणि सगळा जुना इतिहास त्या शहराकडेच राहतो. गेलेली टीम नवीन मानली जाते. तिचा इतिहास ती गेली त्या वर्षापासून सुरू होतो.

मी वाचून दाखवलं. भाऊसाहेब म्हणाले, "पुन्हा वाचा." पुन्हा वाचलं.

"म्हणजे गेला तो गेला," ते म्हणाले. "कागद असं म्हणतो."

त्यांनी नोंद घातली, पण हरकतीचा रकाना मोकळा ठेवला. आयुष्यात मी त्यांना रकाना मोकळा ठेवताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या थंडीत तो शेतकरी पुन्हा आला. या वेळी चहा आला तरी तो प्याला नाही. मान खाली घालून बसला आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, टोपी तोंडाला लावून. माझं डोकं सटकलं. मी उठले आणि सगळ्यांसमोर भाऊसाहेबांना म्हटलं, "कधीपासून बघतेय मी! काय अडवून ठेवलंय तुम्ही यांचं? माणसाला किती हेलपाटे घालायला लावायचे?"

तो माणूसच म्हणाला, "न्हाय मॅडम, त्यांनी काय नाय अडवलं. आमची आय आजारी हाय. त्यांना न्यायला आलोय."

"तुमची आई आजारी, तर भाऊसाहेब कशाला?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. दोन चेहरे एका वेळी माझ्याकडे वळले, आणि तेव्हा मला कळलं मी तो चेहरा कुठं पाहिला होता. रोज समोरच्या टेबलावर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊसाहेब उठले, घुबडाचं बनियन नीट केलं, वही पिशवीत घातली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पण चला. साक्षीला कुणीतरी हवं." कशाची साक्ष ते विचारायचीही माझी छाती झाली नाही. आम्ही दोघांनी साहेबांना सांगून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

त्या शेतकऱ्याच्या टेंपोत पुढच्या सीटवर आम्ही तिघं. टोलनाका मागं टाकून गाडी कच्च्या रस्त्याला लागली, तसा तो बोलायला लागला. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"ह्ये आमचं थोरलं. चार वर्साचं होतं तवा कर्जतला दत्तक दिलं. आयेच्या नात्यातलं जोडपं होतं, प्वार नव्हतं त्यांना. हितं खायाची मारामार. बापानं दिलं."

"मग?"

"मंग दोन वर्सांनी मी झालो. आयेनं माजं नाव ह्यांचंच ठिवलं."

"यांचं? पण यांचं नाव तर..."

"त्ये कर्जतच्यांनी ठिवलेलं. नाव बदाललं, बापाचं नाव बदाललं, आडनाव बदाललं."

माझा गोंधळ उडाला. "म्हणजे तुमचं जे नाव, ते यांचं आहे?"

"माजं नाव माजंच हाय मॅडम," तो जरा दुखावून म्हणाला. "पन आदी ह्यांचं होतं."

भाऊसाहेब घरी येतात का, मी विचारलं. येतात की, म्हणाला. लग्नाला येतात, गणपतीला येतात, पाव्हण्यासारखे. आईला मावशी म्हणतात. तसंच ठरलं होतं देतेवेळी. दिलेल्या पोरानं आई म्हणायचं नाही.

"आता काय झालंय तिला?"

"नजर गेली. मानसं वळखत नाय. दिसभर नुसती माजं नाव घेऊन हाक मारती. मी ओ देतो, समोर बसतो, हात धरतो, तरी हाक मारती. समोर बसलोय मी, मॅडम! तरी हाक मारती. मी काय करू आता?" त्याला पुन्हा रडू आलं. "म्हनून म्हनलं, ह्ये साहेब हायत, शिकलेलं हायत, ह्यांना इचारावं."

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटी. ओटीवर बाजेवर म्हातारी, एवढीशी. मागं लांबून द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा आवाज सतत येत होता. धाकट्याची बायको पदर सावरत आत गेली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भाऊसाहेब बाजेपासून हातभर लांब, खुर्चीत, पाहुण्यासारखे बसले, मांडीवर पिशवी घेऊन.

"मावशी," ते म्हणाले, "बरं वाटतंय का?" म्हातारीनं लक्षसुद्धा दिलं नाही.

मग तिनं हाक मारली. ते नाव. इतक्या बारीक अंगातून एवढा मोठा आवाज! संध्याकाळी शेताच्या पलीकडून मुलाला घरी बोलावतात तशी हाक. धाकटा तिच्या पायाशीच होता. "ओ! आये, हितंच हाय मी."

तिनं मान हलवली, नाही नाही अशी, आणि पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं. नाव अजून पुरतं तोंडाबाहेरही पडलं नव्हतं.

"ओ," भाऊसाहेब म्हणाले.

पट्टी आपटली तरी ज्यांना तीन हाका लागायच्या, ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते स्वतःच घाबरून गेले होते, आपण काय केलं असं. धाकट्यानं मागं वळून पाहिलं. म्हातारी गप्प झाली. मग तिनं हात पुढं केला आणि हवेत चाचपला. भाऊसाहेब खुर्चीवरून उठून खाली, जमिनीवर बसले आणि आपलं डोकं त्या हाताखाली नेलं.

"आज दोगंबी बोललात," ती म्हणाली. अगदी स्पष्ट. "इतकी वर्सं हाक मारतेय. मी दोगांना मारते रं. ओ एकच देतो."

धाकटा हुंदके देत म्हणाला, "आये, मंग सांगायचंस तरी गं कुनाला!"

"काय सांगायचं?" म्हातारी चिडली. "हाक मारली का यावं."

तिनं आणखी एकदा हाक मारून पाहिली. खात्री करायला असेल. दोन ओ एकदम आले, आवाजसुद्धा एकसारखे. मग ती कुशीला वळली आणि झोपली. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं, तिथं मला कुणी विचारणारं नव्हतं.

निघताना भाऊसाहेबांनी ओटीवरच पिशवीतून वही काढली. मला वाटलं, आता काय हे! त्यांनी ती तीन चषकांची नोंद उघडली, मोकळा ठेवलेला हरकतीचा रकाना, आणि त्यात लिहिलं, "हरकत मान्य. तिन्ही चषक दोन्ही टीमचे सामाईक."

"पण भाऊसाहेब," मी नाक पुसत म्हटलं, "तिकडून लेखी उत्तर आलंय. कागद तसं म्हणत नाही."

"त्यांनी नुसता कागदच पाहिला, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी खाली सही केली. या वेळी पेन टेकवून थांबले नाहीत, एका दमात केली. वही माझ्यापुढं सरकवली. मी सही वाचली. नाव दुसरंच होतं, बापाचं नाव दुसरं, आडनाव दुसरं. धाकटा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "ह्ये तर माजं नाव," तो म्हणाला.

सरकारी नोकर म्हणून मला हरकत घ्यायला हवी होती. मी पेन घेतलं, सहीच्या खाली लिहिलं, "माझ्यासमक्ष", आणि सही केली.